तारीख नसलेली पहाट

१९४७ साली स्वातंत्र्य आले आणि त्याच महिन्यात पंजाब रक्ताने माखला. वाट पाहिली ती पहाट ही नव्हेच, असे फ़ैज़ यांनी ‘सुब्ह-ए-आज़ादी’ या नज़्मेत लिहिले. लुधियान्याचा साहिर १९४९मध्ये लाहोर सोडून भारतात आला, पुढे मुंबईचा झाला. १९५८च्या ‘फिर सुबह होगी’साठी त्याने ‘वो सुबह कभी तो आएगी’ लिहिले. संगीत खय्याम यांचे, तेही पंजाबचेच. आवाज मुकेश आणि आशा भोसले यांचे.

मला त्यातला ‘कभी’ महत्त्वाचा वाटतो. साहिर तारखेचा वायदा करत नाही; एक तारीख लोकांनी भोगलेली होती. तो पहाटेची ओळख तेवढी सांगतो: कुणी उपाशी नसेल, माणसाची किंमत पैशाने ठरणार नाही, बाईची अब्रू विकली जाणार नाही. या खुणांमध्ये धर्म नाही, सरहद्दही नाही. म्हणून घर गमावलेल्या हिंदू, शीख, मुसलमान सर्वांनाच ते आपले वाटू शकते. नज़्मेच्या उत्तरार्धात तर तो म्हणतो, ही पहाट आपणच आणायची आहे. दिलासा देताना त्याने जबाबदारीही आपल्याच हाती ठेवली. ती अजून संपलेली नाही.