अपघातानंतरचा प्रश्न : रस्ता आणि आकाश

भारतात विमानवाहतुकीचे नियमन रस्तेवाहतुकीच्या नियमनाहून अधिक कडक आहे, असे सामान्यतः समजले जाते. हे अंशतः खरे असले, तरी त्यामुळे मूळ भेद झाकला जातो. अपघात घडून गेल्यावर कायदा कोणता प्रश्न विचारतो, यात तो भेद आहे.

१९३४ च्या विमान कायद्याच्या सातव्या कलमाने अपघातांच्या चौकशीसाठी नियम करण्याचा अधिकार सरकारास दिला. पुढे १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टाने, चौकशीचा हेतू अपघात टाळणे हा असून दोष ठरविणे हा नव्हे, असे स्पष्ट केले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मात्र जखमीस उपचार मिळवून देण्याचे व पोलिसांत वर्दी देण्याचे बंधन चालकावर घातले. पुढचे काम दंडसंहितेचे. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईसाठी न्यायाधिकरणांची सोय झाली. म्हणजे दोषी कोण व पैसे कोणी द्यावेत, एवढे ठरते; अपघाताचे वळण तसेच राहते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मरण पावली. न्या. लाहोटी यांच्या चौकशीत, कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरल्याचे आढळले. रस्त्यावरचा खटला येथेच संपला असता. परंतु दिल्लीहून निघणारी व दिल्लीस येणारी विमाने एकाच मार्गावर का होती, हाही प्रश्न निघाला. मार्ग वेगळे झाले, विमानात टक्करसूचक यंत्र सक्तीचे झाले.

विमानखात्याचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र अन्वेषण विभाग निघेपर्यंत पुष्कळशा चौकश्या नियमन करणाऱ्या महासंचालनालयाकडेच होत्या. शिवाय २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. प्रत्येक अपघातास न्यायमूर्ती नेमणे अशक्यच. तथापि एकाच पुलाच्या तोंडाशी वर्षानुवर्षे निरनिराळे चालक दोषी ठरत असतील, तर दोष केवळ चालकांचा मानणे कठीण आहे.

१९८८ च्या कायद्याचे १३५ वे कलम ही जाणीव दाखविते. अपघातांच्या कारणांचा सखोल अभ्यास करण्याच्या योजना राज्य सरकारांस आखता येतील, असे ते म्हणते. आखता येतील; आखाव्यात असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रस्ता आखणारा व बांधणाराही जबाबदार धरला, पण तोही एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाच्या भाषेत.