खवलचोर मासा : शोध व वर्णन

महाराष्ट्रातील नद्यांत आढळणारा एक लहान मार्जारमीन. कोल्हापूर येथील पंचगंगा नदीतील नमुन्यांवरून मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये त्याचे निओट्रॉपियस खवलचोर असे नामकरण केले व त्याच्यासाठी नवी प्रजातीही स्थापन केली. इतर माशांच्या अंगावरील खवले ओरबाडून खाण्याच्या सवयीमुळे त्याला स्थानिक लोक ‘खवलचोर’ म्हणत. तेच नाव शास्त्रात कायम झाले. मार्जारमीनांच्या स्वतःच्या अंगावर मात्र खवले नसतात.

देशी नावे शास्त्रीय नामावलीत घेण्याची प्रथा दख्खनमध्ये जुनी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी केली. मुळा-मुठा, भीमा इ. नद्यांतील माशांची त्यांनी केलेली वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. शिंगाळा, घोगरा, शेंगटी ही नावे त्यांनी कानाला जशी वाटली तशी रोमन लिपीत उतरवून जातिनामे म्हणून वापरली. नावांची ही निवड उपयुक्त ठरली, कारण साइक्स यांच्या माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. संक्षिप्त वर्णने, चित्रे व ही बोलीतील नावे एवढाच आधार उरतो. तोही अपुराच म्हणावा लागेल. कारण माशांची नावे नदीगणिक बदलतात आणि एकच नाव दोन जातींना दिलेलेही आढळते.

नवी जाती ठरविण्यास मासा निराळा दिसणे पुरेसे नसते. मिशांच्या जोड्या, पक्षांतील अरांची संख्या, वसापक्षाची लांबी, टाळूवरील दातांची मांडणी इ. लक्षणे ज्ञात जातींशी ताडून पाहावी लागतात. ज्यावरून वर्णन केले तो प्रकार-नमुना संग्रहालयात जतन केल्यास पुढील वाद मिटविता येतात. परभणी जिल्ह्यातील बोरी, जिंतूर हा भाग ज्या गोदावरी खोऱ्यात मोडतो, त्या खोऱ्यातून घोगऱ्याच्या प्रजातीतील रीटा बकालू ही जाती २०१७ मध्ये वर्णिली गेली. तिचे वेगळेपण सिद्ध करताना साइक्स यांच्या जातींशी तुलना अटळ होती.

खवलचोराचे वर्गीकरणही बदलले आहे. कुलकर्णी यांनी त्याला शिल्बिइडी कुलात घातले होते. आता तो हॉराबॅग्रिडी कुलात व पॅकिप्टेरस प्रजातीत गणला जातो. प्रजातीचे नाव गेले, तरी नामकरणाच्या नियमानुसार ‘खवलचोर’ हे जातिनाम टिकून आहे.