आलिशान मोटार, पण इंजिन कोणते? (थ्रेड)

गिरगावातल्या खोताच्या वाडीच्या गल्ल्या मोटारयुगाच्या आधीच्या; चारचाकी आजही तिथे जेमतेम शिरते. १९८० च्या आसपास या परिसरातील एखाद्या कुटुंबाने मोटार घ्यायचे ठरवलेच, तर पर्याय मुख्यतः दोन : कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अँबॅसडर. कोणते इंजिन बनवायचे, हेही सरकारी परवान्यावर अवलंबून असे.

१९८४-८५ मध्ये तीन ‘आलिशान’ गाड्या अवतरल्या. तिन्हींचे सांगाडे परदेशी, खरी गोम इंजिनात.

हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचा देह व्हॉक्सहॉलचा, ऐसपैस. आत मात्र अँबॅसडरचेच १४८९ सीसी इंजिन, शक्ती जेमतेम ५० अश्वशक्ती. पाच माणसे आणि सामान घेऊन बोरघाट चढायचा, तर ते अपुरेच.

मद्रासच्या स्टँडर्ड २००० ची कथा अधिक करुण. तिचा देह रोव्हर एसडी-वनचा. ब्रिटनमध्ये त्यात साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन मिळे. इथे बसवले १९९१ सीसीचे, मूळ १९४० च्या दशकातील व्हॅनगार्डचे. किंमत मोठी, चाल मंद; १९८८ मध्ये उत्पादन थांबले.

कुर्ल्याने मात्र शहाणपणा दाखवला. प्रीमियर ११८ एनई मध्ये फियाट १२४ चा हलका देह आणि निस्सानचे ११७१ सीसी इंजिन. तिघींत सर्वांत लहान, तरी देहाला साजेसे. (नावातले ‘एनई’ म्हणजे ‘निस्सान इंजिन’!)

पुढे काँटेसातही इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन आले, मागाहून डिझेलही. तेव्हा कुठे भारतीय कुटुंबाला मोठ्या मोटारीचे इंजिन खऱ्या अर्थाने निवडता येऊ लागले.