फीड : बातमी मागवायची कोणी?

पिंपरी-चिंचवड किंवा भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन आपण विचारले, ''फीड म्हणजे काय हो?'' तर लेथवरचा टर्नर सांगेल, ''जॉबचा एक फेरा होईपर्यंत टूल जेवढे पुढे सरकते, ते फीड.'' वायरमनला विचारले तर तो फीडरबद्दल बोलेल. उपकेंद्रातून वीज घेऊन येणारी ती वाहिनी बंद पडली, की त्या भागातली सगळी यंत्रे थांबतात. या दोन्हींशी नाते सांगणारा तिसरा अर्थ १९९९ नंतर संगणकाच्या जगात रुळला. तो म्हणजे वेब-फीड : संकेतस्थळांवर येणारा नवा मजकूर वाचकापर्यंत आणून देणारी वाहिनी.

वेब-फीडचा इतिहास पाव शतकाचाच आहे. पण बातमी वाचकाकडे कशी येते, आणि ती मागवायची कोणी, हा प्रश्न बराच जुना आहे. म्हणून आपण थोडे मागून सुरुवात करू.

पाळीचा माणूस

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आले. मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागात वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये इथे नगरपालिका आली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी चाकणच्या माळावर पोचली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र आणि नंतर राज्याबाहेरूनही माणसे कामाला आली.

या माणसांचे घड्याळ वेगळे होते. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांच्या सुट्या निरनिराळ्या वारी असतात, आणि इथली सुटी गुरुवारी. आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या लागतात तेव्हा रात्रपाळीचा कामगार नुकताच पाठ टेकत असतो. संध्याकाळच्या बातम्यांना दुसऱ्या पाळीचा कामगार मशीनवर असतो. रेडिओवरची बातमी कोणासाठी थांबत नाही.

वर्तमानपत्र थांबते, हा त्याचा मोठा गुण. पण पुण्याच्या आवृत्तीत पुण्याच्या बातम्या असायच्या. आपल्या तालुक्यात पाऊस पडला का, कापसाला भाव काय निघाला, हे कळायला गावाकडचे पत्र यावे लागे, नाहीतर एसटीने गावाहून कोणीतरी यावे लागे. म्हणजे बातमी घडत होती, कुठेतरी छापलीही जात होती, पण ज्याला हवी त्याच्याकडे ती मागवण्याची सोय नव्हती.

टेलिप्रिंटरचे टेबल

अशी सोय एका जागी मात्र होती : वर्तमानपत्राच्या कचेरीत. तिथे टेलिप्रिंटर दिवसभर खडखडत असे. हे यंत्र तारायंत्राच्या घराण्यातले. तारेने बातम्या पुरवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. रॉयटर यांनी १८५१ मध्ये लंडनला आपली कचेरी उघडली आणि १८६६ मध्ये त्यांची संस्था मुंबईत आली. स्वातंत्र्यानंतर पीटीआय, यूएनआय या भारतीय वृत्तसंस्थांच्या तारा देशभर पसरल्या.

एकच मजकूर एकाच वेळी अनेक वर्तमानपत्रांना पुरवायचा, या व्यवहाराला सिंडिकेशन म्हणतात. मराठी दैनिकात तो मजकूर बहुधा इंग्रजीतून येई. उपसंपादक त्यातला थोडा निवडत, भाषांतर करत, आणि बाकीचा कागद टोपलीत जाई. ही निवड कष्टाची होती आणि पुष्कळदा चांगलीही होती. पण एक गोष्ट लक्षात घेऊ : सगळा प्रवाह त्या टेबलापर्यंत येत होता आणि वाचकाच्या दारी फक्त त्यातला निवडलेला भाग पोचत होता.

चाळीस दारे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. वेबवर अडचण उलटी झाली. मजकूर सगळा उघडा होता, पण तो आपण जाऊन पाहायचा. चाळीस संकेतस्थळे आवडीची असतील तर रोज चाळीस दारे ठोठावायची. त्यातल्या पस्तीस ठिकाणी कालचाच मजकूर दिसायचा.

यावर पहिला मोठा उपाय निघाला तो बातमी ढकलण्याचा. १९९६ मध्ये अमेरिकेत 'पॉइंटकास्ट' नावाची सेवा आली. संगणक मोकळा असला की पडद्यावर बातम्या आपोआप सरकू लागत. लोकांना ती आवडली, पण कचेऱ्यांमधले नेटवर्क तिच्या भाराने तुंबू लागले आणि कित्येक कंपन्यांनी तिच्यावर बंदी घातली. हवे-नको न पाहता पुरवठा केला की असे होते.

चाकणच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. माल पुढच्या टप्प्यावर नुसता ढकलत राहिले, की सुट्या भागांचे ढीग साचतात. जपानमध्ये टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी याच्या उलट रीत बसवली : पुढच्या टप्प्याला गरज पडली की त्याने मागच्या टप्प्याकडे कार्ड पाठवायचे, तेवढाच माल यायचा. हे कार्ड म्हणजे 'कानबान'. पहिल्या पद्धतीत पुरवणारा ढकलतो, दुसरीत वापरणारा ओढतो. वेब-फीड ही बातमीच्या व्यवहारातली ओढण्याची पद्धत आहे.

गुहा, लिबी आणि एक चौदा वर्षांचा मुलगा

मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या कंपनीने आपल्या वाचकांना स्वतःचे मुखपृष्ठ सजवण्याची सोय दिली. बाहेरच्या संकेतस्थळांचे मथळे त्या पानावर यावेत म्हणून एक मांडणी ठरवण्यात आली. ती रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी तयार केली. गुहा हे मद्रासच्या आयआयटीतून यंत्र अभियांत्रिकी शिकलेले. या मांडणीला आरएसएस हे नाव पडले. आपल्याकडे ही अक्षरे दुसऱ्याच संदर्भात परिचित आहेत, त्याचा इथे संबंध नाही. पुढे त्यांचा अर्थ 'रिअली सिंपल सिंडिकेशन' असा रूढ झाला. टेलिप्रिंटरच्या टेबलावरचा सिंडिकेशन हा शब्द असा वाचकाच्या संगणकावर आला.

नेटस्केपचे लवकरच त्यातून लक्ष उडाले, पण कल्पना मेली नाही. डेव्ह वाइनर आणि इतरांनी ती पुढे नेली. मतभेद झाले आणि दोन शाखा फुटल्या. डिसेंबर २००० मधल्या १.० या आवृत्तीच्या लेखकांमध्ये आरन स्वार्ट्झ हा जेमतेम चौदा वर्षांचा मुलगा होता. सप्टेंबर २००२ मध्ये २.० ही आवृत्ती आली. डिसेंबर २००५ मध्ये 'अ‍ॅटम' नावाची आणखी एक मांडणी इंटरनेटचे अधिकृत मानक म्हणून प्रसिद्ध झाली. या सगळ्या मांडण्या खुल्या आहेत. त्या वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

फीडमध्ये असते तरी काय? ती एक साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक नव्या नोंदीसाठी तीत मथळा, मूळ पानाचा पत्ता, थोडका सारांश आणि प्रसिद्धीची वेळ एवढे असते. वाचकाच्या संगणकावर फीड वाचणारा एक प्रोग्राम असतो. आपल्याला हव्या त्या फीडचे पत्ते आपण त्याला एकदा देतो. मग तो ठरावीक वेळाने प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारतो, ''मागच्या भेटीनंतर काही बदलले का?'' बदल नसेल तर समोरून ३०४ हा आकडा येतो, आणि काम तिथेच संपते.

हिशेब करून पाहू. चाळीस ठिकाणी दर अर्ध्या तासाने विचारायचे तर दिवसाला ४० × ४८ = १९२० प्रश्न होतात. माणूस यात थकून जाईल. यंत्राला ते किरकोळ आहे, कारण बहुतेक उत्तरे 'नवे काही नाही' एवढीच असतात. नवे असेल ते यादीत साठून राहते. रात्रपाळी करून उठलेल्या माणसाने दुपारी दोन वाजता ते उघडले तरी काही बिघडत नाही.

मराठीची अडचण

मराठी वाचकापुढे मात्र एक खास अडथळा होता. सुरुवातीच्या काळात मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपापले फाँट वापरत. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फाँट संगणकावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर रोमन अक्षरांचा अर्थहीन काला. फीड तर फाँट घेऊन येत नाही, नुसता मजकूर आणते. त्यामुळे असा मजकूर फीडमध्ये निरुपयोगी होता. त्यात शोधही घेता येत नसे.

उत्तर होते युनिकोड. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. देवनागरीला असे क्रमांक १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच मिळाले आणि ते भारतीय लिप्यांसाठीच्या 'इस्की' या संकेतावर आधारलेले होते. पण सामान्य संगणकावर ते दिसायला विंडोज २००० ची वाट पाहावी लागली. त्यातला 'मंगल' हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला.

मग चित्र पालटले. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. १९९६ पासून चालत आलेल्या 'मायबोली'च्या जोडीला २००४ मध्ये 'मनोगत' आणि २००७ मध्ये 'मिसळपाव' आले. लोक युनिकोडमध्ये लिहू लागले, आणि त्यांचे लेखन फीडमधून वाचता येऊ लागले. मोठी वर्तमानपत्रे त्यांच्या मागून युनिकोडकडे वळली. इथे क्रम उलटा होता, हे पाहण्यासारखे आहे : ज्यांच्यापाशी छापखाना नव्हता, ते आधी पोचले.

शब्द तोच, अर्थ उलटा

सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने 'न्यूज फीड' सुरू केले. शब्द तोच, पण आत बदल झालेला होता. वेब-फीडमध्ये यादी वाचक करतो आणि नोंदी वेळेच्या क्रमाने येतात. समाजमाध्यमांच्या फीडमध्ये काय वर दाखवायचे ते कंपनीचा प्रोग्राम ठरवू लागला. वाचक कशावर थांबतो ते पाहायचे आणि तसलेच आणखी पुढे करायचे, ही त्याची रीत. ओढण्याची जागा पुन्हा ढकलण्याने घेतली. टेलिप्रिंटरच्या टेबलावर उपसंपादक होता. त्याला पत्र लिहून जाब विचारता येत होता. या नव्या टेबलावर कोण बसले आहे, हे वाचकाला दिसत नाही.

२०१३ च्या जुलै महिन्यात दोन गोष्टी पंधरा दिवसांच्या अंतराने घडल्या. १ जुलैला 'गूगल रीडर' हा फीड वाचण्याचा लोकप्रिय प्रोग्राम बंद झाला. तो २००५ मध्ये सुरू झाला होता, आणि वापर घटल्याचे कारण कंपनीने दिले. १४ जुलैला भारतात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. दोन्हींबद्दल लोक हळहळले, पण फरक मोठा होता. तार बंद झाली ती कायमची, कारण तिची यंत्रणा एकाच संस्थेच्या हाती होती. गूगल रीडर बंद झाला तेव्हा मात्र वाचकांनी आपल्या पत्त्यांची यादी एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि दुसऱ्या प्रोग्रामला दिली. दुकान बंद झाले, रस्ता चालूच राहिला.

हा रस्ता अजून चालू आहे. आपण पॉडकास्ट ऐकतो तेव्हा नवा भाग आला हे कळते ते बहुधा आरएसएसमधूनच. त्यात ध्वनिफीत जोडण्याची सोय डिसेंबर २००० पासून आहे. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था जगभरच्या भूकंपांच्या नोंदी फीडमधून देते. मराठी विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या इतिहासाला स्वतंत्र फीड आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेत एक संगणक असला तरी पुरे. फीड वाचणारा एखादा मोफत प्रोग्राम घ्यावा आणि त्यात दोन फीड टाकावेत : भूकंपांच्या नोंदींचा, आणि विकिपीडियावरच्या 'पिंपरी-चिंचवड' या पानाच्या इतिहासाचा. पहिल्यावरून महिनाभरात जगाच्या नकाशावर ठिपके भरता येतील. भूकंप कुठे दाटीने होतात ते मुले स्वतःच सांगतील. दुसऱ्यावरून आपल्या गावाबद्दल कोण काय बदलते आहे ते दिसेल. चूक आढळली तर ती दुरुस्त करणारा आपल्याच वर्गातला असू शकतो.

त्याबरोबर वहीचा एक आठवड्याचा उद्योगही द्यावा. घरातल्या मोठ्या माणसांच्या मदतीने, दिवसभरात कळलेल्या पाच बातम्या रोज लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहायचा : 'मागवली' किंवा 'आली'. आठवड्याच्या शेवटी दोन्हींची मोजणी करावी. आम्ही आमच्या घरी हे केले. पस्तीसपैकी 'मागवली' असा शब्द फक्त सहा बातम्यांपुढे होता. तुमच्या वर्गात किती निघतात?