चौकटीवरून वेगळी चूल

लढाया राज्यासाठी होतात असं शाळेत शिकवतात. पण ज्यांना राज्य नाही ती माणसं कशावरून भांडतात? बांधावरून! वीतभर बांध सरकला की सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. संगणकवालेही याला अपवाद नाहीत. ‘पिजिन’ नावाच्या प्रोग्रॅमची कुळकथा ऐकलीत म्हणजे पटेल.

१९९८ साली अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात मार्क स्पेन्सर नावाचा विद्यार्थी होता. त्या काळी एओएल कंपनीच्या ‘एआयएम’वर तिकडची तरुण मंडळी गप्पा छाटीत. लिनक्सवाल्यांनाही ती सोय व्हावी म्हणून या पठ्ठ्याने तसाच एक निरोप्या लिहिला आणि नाव ठेवलं ‘जीएआयएम’. हा निरोप्या फुकट होताच, पण तो कसा लिहिला तेही जगाला उघड होतं. म्हणजे शेजारणीने नुसती चकली दिली नाही, वर भाजणीचं प्रमाणही सांगितलं! असं आपल्या आळीत कधी घडलंय?

पुढे हौशी मंडळी जमली आणि निरोप्या याहू, एमएसएन, आयसीक्यू या घराण्यांतही जाऊ-येऊ लागला. या घराण्यांचं आपसांत पाणीसुद्धा चालत नसे. पण हा सगळ्यांच्या ओसरीवर बसणारा! याहूवरचा मेव्हणा आणि एमएसएनवरचा मित्र एकाच खिडकीत भेटू लागले.

इतक्यात वकील आले. ‘एआयएम’ ही अक्षरं आमची, असं एओएलचं म्हणणं. भांडण बरंच लांबलं, तेही दाराआड. दुसरी मोठी आवृत्ती तेवढ्यापायी खोळंबून राहिली. अखेर एप्रिल २००७ मध्ये तडजोड जाहीर झाली. नव्या नावाने बारसं झालं आणि ३ मे २००७ ला ‘पिजिन २.०.०’ बाहेर पडलं. पिजिन म्हणजे एकमेकांची भाषा न येणाऱ्यांनी व्यवहारापुरती जुळवलेली बोली. मुंबईच्या बाजारात भाजीवाल्याशी आपण जे बोलतो, त्याच जातीची! कंपनीच्या नावापेक्षा हे नाव हजारपट शोभलं.

एवढ्या मोठ्या कंपनीला पुरून उरलेल्या घरात भांडण पेटलं ते मात्र एका चौकटीवरून. मजकूर टाइप करायची खालची चौकट आधी हाताने ओढून लहानमोठी करता येई. २००८ मध्ये २.४ आवृत्तीत ती मजकुराप्रमाणे आपोआप वाढू लागली. करणाऱ्यांना वाटलं, केवढी सोय झाली! वापरणारे म्हणाले, आमची चौकट आम्ही ओढू, तुम्ही कोण? बरं, एक पैसा कुणी दिलेला नव्हता. पण फुकट जेवणाऱ्यालाच मीठ कमी लागतं, हे पंगतीत वाढणाऱ्या कुणालाही विचारा.

करणारे हटेनात, तेव्हा काही नाराजांनी सगळा प्रोग्रॅम उचलला, चौकट पूर्ववत केली आणि ‘फनपिजिन’ नावाने वेगळी चूल मांडली. पुढे तिचंच नाव ‘कॅरियर’ झालं. ना कोर्ट, ना वाटणीपत्र! घर सोडून जाणाऱ्याने अख्खं घर बरोबर नेलं आणि मागचं घर जागच्या जागीच! अशी वाटणी कुठल्या भाऊबंदकीत झाली असेल?

ती चूल फार दिवस पेटली नाही. २००९ मध्ये २.६.० आवृत्तीत आवाज आणि चित्रासकट बोलायची सोय आली. ती केवढी मोठी. पण चूल वेगळी झाली ती चौकटीवरून, हे विसरू नका.

आणि त्या बड्या घराण्यांचं काय झालं? एआयएम १५ डिसेंबर २०१७ ला बंद झालं, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला. तिथल्या लाखो बिऱ्हाडकरूंना कुणी विचारलं नाही. मालकाने कुलूप लावलं, संपलं. चौकटीवरून भांडायलासुद्धा घर आधी आपलं असावं लागतं. पिजिनच्या घरात ते भांडणाऱ्याचंही होतं.