‘जैवतंत्रज्ञान’ आणि ‘जैववैद्यक’ : दोन संज्ञांची कुळकथा

‘जैवतंत्रज्ञान’ व ‘जैववैद्यक’ या संज्ञांचे पूर्वपद एकच असल्यामुळे त्या एकाच कुळातील असाव्यात, किंबहुना पहिलीचा विषय दुसरीतच सामावत असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. मराठी रूपांनी या समजास हातभारच लावला आहे. कारण ‘जैव’ हे विशेषण पूर्वपदाचा उत्तरपदाशी असलेला कारकसंबंध झाकून टाकते. तो उघड होतो संज्ञांच्या इतिहासातून.

पहिल्या संज्ञेचा उगम वैद्यकात नव्हे, पशुपालनात आहे. हंगेरीतील कृषि-अभियंता कार्ल एरेकी याने १९१९ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन ग्रंथाच्या नावातच ‘बायोटेक्नॉलॉगी’ हा शब्द योजिला. ग्रंथाचा विषय होता मोठ्या शेतीउद्योगातील मांस, चरबी व दूध यांचे उत्पादन. जीवांच्या साहाय्याने कच्च्या मालाचा पक्का माल करणारे सर्व उद्योग त्यास या शब्दाने अभिप्रेत होते. डुक्कर हे त्याच्या लेखी चाऱ्याचे मांस करणारे यंत्रच होय. कल्पना ओबडधोबड खरी, पण संज्ञेचा अर्थ इतक्या स्वच्छपणे पुढे क्वचितच सांगितला गेला. येथे जीव हे ‘करण’ आहे.

‘जैववैद्यका’चे मूळ निराळे. १९२३ च्या डॉर्लंड यांच्या इंग्रजी वैद्यककोशात या संज्ञेचे मूळ रूप ‘बायोमेडिसिन’ हे शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांच्या तत्त्वांवर आधारलेली रुग्णचिकित्सा या अर्थाने आले. म्हणजे येथे जीव हे साधन नसून जीवविज्ञान हे अधिष्ठान आहे. १९८० च्या दशकात मानवशास्त्रज्ञांनी हाच शब्द, अनेक वैद्यकपद्धतींपैकी एक या नात्याने, आधुनिक पाश्चात्त्य वैद्यकास लावला. आयुर्वेद व युनानी जेथे शेजारी नांदतात, तेथे हा अर्थ विशेष उपयोगी पडतो.

दोन्ही संज्ञा एकत्र येतात त्या इन्सुलिनपाशी. १९२२ पासून मधुमेही रुग्णांना मिळू लागलेले इन्सुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनच्या दोन शृंखला जिवाणूंकडून तयार करवून त्या जोडण्यात आल्या, आणि १९८२ मध्ये अशा इन्सुलिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. मधुमेहात काय बिघडते हे सांगणे जैववैद्यकाचे काम. हवा तो पदार्थ जिवाणूकडून करवून घेणे जैवतंत्रज्ञानाचे. पूर्वी डुक्कर, आता जिवाणू. एरेकीचे सूत्र तेच. परिभाषाकोशात जैवतंत्रज्ञानाची व्याख्या केवळ औषधनिर्मितीच्या अंगाने केल्यास किण्वन, दुग्धव्यवसाय व पशुपालन यांना तीत जागा उरणार नाही. आणि एरेकीचा ग्रंथ तर मांस, चरबी व दूध यांविषयीच होता.