दिनविशेष : २८ डिसेंबर – परक्या भूमीवरचा कोशकार

फ्रेंच विचारवंत पिएर बेल यांचे १७०६ मध्ये आजच्या दिवशी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे निधन झाले. जन्म १६४७ चा, दक्षिण फ्रान्समधल्या ले कार्ला गावचा. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. सेदानच्या प्रोटेस्टंट अकादमीत बेल तत्त्वज्ञान शिकवत. १६८१ मध्ये चौदाव्या लुईने ती अकादमीच बंद केली. नोकरी गेली, पाठोपाठ देशही सुटला.

रॉटरडॅमने त्यांना अध्यापकपद दिले. तेथून १६८४ मध्ये त्यांनी नव्या ग्रंथांची ओळख करून देणारे फ्रेंच नियतकालिक सुरू केले आणि त्यांचे नाव युरोपभर झाले. पण हाती न लागलेल्या या लेखकाचा सूड फ्रान्समध्ये त्यांच्या थोरल्या भावावर उगवला गेला. जाकोब बेल १६८५ मध्ये तुरुंगातच वारले. इतका घाव सोसूनही पिएर यांनी पुढच्याच वर्षी जे पुस्तक लिहिले, त्यात सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य केवळ स्वपंथीयांसाठी नव्हे, तर ज्यू, मुस्लिम अशा सर्वांसाठी मागितले. हे मोठेपण विरळाच.

ही उदारता स्वपंथीयांनाही पेलली नाही. १६९३ मध्ये रॉटरडॅममधलेही पद गेले. मग बेल यांनी सारा वेळ ‘ऐतिहासिक आणि चिकित्सक कोशा’ला दिला. तो १६९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूळ नोंद थोडक्यात असे. खरी झडती तळटीपांत. प्रचलित समजुती, धर्ममते, विद्वानांच्या चुका यांपैकी काहीच तिथे सुटले नाही.

पुढे व्होल्तेअर आणि दिदरो यांच्या पिढीने या कोशातून भरभरून घेतले.